वॉशरचा सैल जोड

त्याला सगळे वॉशर म्हणायचे. एक तर तो अंगानं इतका बारीक, की सिंकखालच्या कपाटात, टाकीच्या मागं, जिथं दुसऱ्या प्लंबरचा नुसता हात शिरायचा तिथं हा अख्खाच्या अख्खा शिरायचा. आणि दुसरं म्हणजे, नळातल्या रबरी वॉशरसारखा हा एकदा आत बसला की गळती बंद. खरं नाव बायकोला ठाऊक होतं, पण रागावली की तीसुद्धा वॉशरच म्हणायची.

जोडाच्या बाबतीत त्याची ऐट काही औरच. पाइपाच्या टोकाला चिकटवायचं सोल्युशन लावायचं, एल्बोत, म्हणजे वळणाच्या तुकड्यात, पाइप दाबून अर्धा फिरवायचा, आणि मग बाळाला झोपवल्यासारखं हलक्या हातानं बाजूला व्हायचं. "माझा सुटलेला एक जोड दाखवा," तो म्हणायचा, "पाना खाली ठेवतो." आजवर कुणी दाखवला नव्हता. रस्त्यानं जाताना तो बायकोला कोपरानं ढोसून इमारतींच्या मागच्या बाजू दाखवायचा. "तो बघ, तिसऱ्या मजल्यापासून खाली आलेला. आपला."

"लोक बायकोला बागा दाखवतात," ती म्हणायची. "मला मेलं ड्रेनेज."

हा गडी गाण्याचा मात्र पक्का वेडा. पाना, हातोडी, करवत या सगळ्यांच्या वर पिशवीत पहिला मान रेडिओचा. पण स्वतः कधी गायचा नाही. बाथरूममध्ये जगातला एकूण एक माणूस गातो. यानं निम्म्या शहराची बाथरूमं बसवली, पण स्वतःच्या बाथरूममधून नुसता पाण्याचा आवाज. कुणाच्या वाढदिवसाला सगळे टाळ्या वाजवत गायला लागले की याचे ओठ हलायचे, पण आवाज नाही. लग्नाला पुष्कळ वर्षं झाल्यावर बायकोनं एकदा हे पकडलं.

"अहो, तुम्ही गात नाही. नुसतं तोंड हलवता."

तेव्हा त्यानं सांगून टाकलं. शाळेत असताना संमेलनासाठी अख्खा वर्ग ओळीनं गायला उभा केला होता. गाण्याच्या नव्या बाई, वयानं अगदी पोरसवदा, एकेकाच्या तोंडापाशी कान नेत चालल्या होत्या. याच्यापाशी थांबल्या. ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग खांद्यावर हात ठेवून अगदी मायेनं म्हणाल्या, "बाळ, तू नुसते ओठ हलव."

"मग?"

"मग काय. हलवतोय अजून."

बायको इतकी हसली, की हातातल्या चादरीची तिसऱ्यांदा घडी करावी लागली. ती हॉस्पिटलच्या धुलाई विभागात कामाला होती आणि घरी आल्यावरही तिचे हात घड्या घालायचे थांबत नसत. पण हसून झाल्यावर ती म्हणाली, "मेल्या बाईला दुसरं काही सुचलं नाही?"

हे झालं त्याच सुमारास पाइप गायला.

एका नव्या इमारतीच्या गच्चीवर वॉशर मैल्याचा उभा पाइप बसवत होता. आत भुसा अडकलेला. एका हातानं पाइप धरलेला, फुंकायला तोंड पोचेना. त्यानं एका पायातली रबरी चप्पल काढली आणि पाइपाच्या तोंडावर सपकन हाणली.

धुम्म्.

भुसा गेला खाली, पण वॉशर तिथंच. त्यानं आजूबाजूला बघितलं. पुन्हा हाणली. धुम्म्. गोल, भरलेला, एखाद्या जाड्याजुड्या मामानं पोटातून हुंकार द्यावा तसा. शेजारी आखूड तुकडा पडला होता, त्यावर हाणली. दुम्. हा भाचा. त्याहून आखूड, टुम्. ही तर भाचीच.

"वर काय चाललंय रे?" खालून सुपरवायझर ओरडला.

"पाइप झटकतोय साहेब!"

"सकाळपासून?"

संध्याकाळी तो घरी आला तो पायात एकच चप्पल घालून, दुसरी काखेत. दारातच म्हणाला, "अगं, पाइप गातात."

"उन्हात टोपी घालत जा म्हटलं होतं," बायको म्हणाली.

पण त्याच्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. आपल्या गळ्यात सूर नाही, ठीक आहे. पण हातात पाइप आहेत. सगळ्यात जाड्या आवाजापासून सगळ्यात चिमण्या आवाजापर्यंत पाइपांची अख्खी रांग बसवायची, आणि त्यावर एक अख्खं गाणं वाजवायचं. लोकांनी म्हटलं पाहिजे की हे सुरात आहे. आयुष्यात एकदा, आपल्या हातून निघालेला एक आवाज कुणीतरी कानानं पारखून "बरोबर" म्हटला पाहिजे. बस्स.

कामावरून उरलेले तुकडे घरी यायला लागले. आधी गॅलरी भरली. मग पलंगाखालची जागा गेली. मग सासूबाईंच्या खाटेच्या डोक्याशी पाइप उभे राहिले. सासूबाई लेकीकडेच राहायच्या. उंचीनं कमी, कानानं तिखट, जिभेनं त्याहून.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "मला पोचवायची तयारी असेल तर सरळ सांगा. नळीतून नको."

"आई, जरा तुमची चप्पल द्या."

कारण चपलांचाही शोध सुरू होता. नवी चप्पल कडक, आवाज फाटका. पावसाळी बूट नुसताच थपथप. बायकोच्या चपलेला टाच, ती आधी पाइपावर आपटते आणि मग आवाज येतो. सगळ्यात गोड आवाज निघाला सासूबाईंच्या बाथरूममधल्या झिजलेल्या, मऊ पडलेल्या निळ्या चपलेचा. त्या दिवसापासून सासूबाई घरात अनवाणी.

"माझ्या पायाची पुण्याई वाजते आहे," त्या शेजारणींना सांगायच्या. तक्रार होती की बढाई, कळायचं नाही.

आता अडचण एकच राहिली. कुठला पाइप सुरात आणि कुठला नाही, हे सांगणार कोण? वॉशरला सगळेच छान वाटायचे. बायकोला सगळेच सारखे वाटायचे. सासूबाईंना सगळेच बंद झालेले आवडले असते.

ते कोडं सुटलं एका गळक्या नळामुळं. तळमजल्यावर कुणी नवीन म्हातारी राहायला आली होती, तिचा निरोप आला. वॉशर पिशवी घेऊन गेला. दार उघडणाऱ्या बाईंच्या नाकावर चष्मा, पाठ ताठ, आणि चेहऱ्यावर झोप न झाल्याचा संताप.

"तुम्हीच का प्लंबर? हा नळ बघा. नुसता गळत असता तर चाललं असतं. बेसूर गळतोय. बादलीत एका सुरात पडतो आणि फरशीवर दुसऱ्याच. मला डोळा लागू देत नाही!"

वॉशरच्या हातातला पाना तसाच राहिला. आवाज थोडा पिकला होता, पण तोच. चाळीस वर्षांपूर्वी खांद्यावर हात ठेवणारा. बाईंनी त्याला ओळखायचं काही कारणच नव्हतं. त्यांनी किती पोरांच्या तोंडाला कान लावले असतील कुणास ठाऊक. त्यानं गुपचूप नळातला वॉशर बदलला, नळ बंद केला, आणि निघताना दारात घुटमळला.

"बाई, नळाचे पैसे नकोत. जरा कान द्याल का?"

"काय?"

"कान हवाय तुमचा. वरच्या मजल्यावर."

बाई वर आल्या. पाइप बघून त्यांनी चष्मा पुसला. वॉशरनं निळी चप्पल हाणली. धुम्म्. बाईंच्या भुवया वर गेल्या. त्या सासूबाईंच्या खाटेवर न विचारता बसल्या आणि म्हणाल्या, "परत."

त्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. वॉशर करवतीनं पाइपाचा चिमूटभर तुकडा कापायचा, बाई ऐकायच्या. "अजून थोडा. अजून. अरे थांब, ओलांडलास! दुसरा पाइप घे." तुम्हीचं तू कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. बाईंनी सुरांची नावं सांगितली, यानं पाइपांवर नंबर टाकले.

"चार नंबर चढलाय का, बाई?"

"त्याला नाव आहे."

"आमच्यात नंबर असतात."

सरळ पाइप एकेक करून सुरात आले. बाईंनी शेवटच्या, सगळ्यात लांब पाइपाला मान डोलावली, तेव्हा वॉशरनं कान लाल होईस्तोवर आनंद लपवला. मग बाई काही दिवस आपल्या भावाकडे राहायला गेल्या, आणि इकडं इमारतीचं वार्षिक संमेलन जवळ आलं. सेक्रेटरीनं यादीत वॉशरचं नाव घातलंसुद्धा.

पण लांब पाइप जिन्यातून उतरेनात. एकाचं टोक सासूबाईंच्या खाटेशी तर दुसरं शेजाऱ्याच्या दारात. आता प्लंबरला हे काय अवघड? कापले, एल्बो घातले, वळवून चौकटीत बसवले. एल्बोचं माप बरोबर वजा केलं. आणि प्रत्येक जोड, हाताला सवयच ती, सोल्युशन लावून पक्का केला. अर्धा फेरा, हलका हात, बाजूला.

"एकदा वाजवून बघा तरी," बायको म्हणाली.

"जोड वाळू दे. आमच्यात आधी जोडायचं, मग एकदम पाणी सोडायचं. मोजून केलंय सगळं."

संमेलनात पाणी सुटलं. वॉशर नवाकोरा शर्ट घालून उभा, दोन्ही हातांत चपला, जवळ बायको खालच्या पाइपांना. सगळ्यांना पाठ असलेली एक साधी चाल. आखूड, सरळ पाइपांचे वरचे सूर लख्ख निघाले. आणि खालचे, वळवलेले, भलतीकडेच. जणू बायको एका गाडीत बसून निघाली आणि नवरा दुसऱ्याच गाडीत. पाणी एल्बोतून जसं वळतं तसा सूर वळत नाही, हे त्या गरिबाला तेव्हा कळलं, सगळ्यांच्या देखत.

"वॉशर, गळतंय कुठंतरी!" मागून कुणी ओरडलं. हशा पिकला. हसण्यात वाईट काही नव्हतं, लोक प्रेमानंच हसत होते, लहान पोरं तर चपला मागायला पुढं आली. सेक्रेटरीनं पाठ थोपटली. पण वॉशरच्या खांद्याला तो हात जुनाच वाटला. नुसते ओठ हलव.

बाई परत आल्यावर वर आल्या, ऐकलं, आणि म्हणाल्या, "मग? काढ एल्बो, लांबी थोडी कमी-जास्त कर."

"निघत नाही."

"का?"

"सोल्युशन लावलंय. माझा जोड आहे तो, बाई. पाइप फुटेल, जोड सुटणार नाही."

"मग सुटेल असा कर."

हे वाक्य ऐकून त्याचा चेहरा असा झाला, जसं काही बाईंनी त्याला भर चौकात धोतर सोडायला सांगितलं. सैल जोड? ज्याला आयुष्यभर शिव्या दिल्या, ज्याच्यावरून दुसऱ्या प्लंबरांची टर उडवली, तो आपल्या हातानं? त्यानं चौकटीवर जुनी चादर टाकली. बायकोनं काही दिवस वाट बघितली, मग त्यावर टॉवेल वाळत घालायला लागली. "चांगला स्टँड आहे," ती म्हणाली. तो हसला नाही. रेडिओसुद्धा पिशवीत बंद पडून राहिला, तेव्हा मात्र तिला काळजी वाटली.

एका सुट्टीच्या सकाळी वरच्या दोरीवरचा टॉवेल मागच्या बाजूला सरकला, हात पोचेना. बायकोनं सासूबाईंची काठी घेतली. ती काठी नळीत नळी सरकणारी, उंचीप्रमाणे वरखाली होणारी. हिनं ती सरसर लांब केली, टॉवेल ओढला, आणि काठी भिंतीला टेकवून ठेवली.

"अगं ए," सासूबाई कडाडल्या, "माझी काठी माझ्या मापाची करून ठेव! मी काय ताडावर चढायला निघालेय?"

बायकोनं काठी पुन्हा आखूड केली. सरसर.

वॉशर चहा पीत होता. कप खाली ठेवला. "आई, काठी द्या जरा."

"आता हीसुद्धा वाजवणार?"

त्यानं काठी लांब केली. आखूड केली. लांब केली. आतली नळी बाहेरच्या नळीत बेतानं घट्ट. ओढली तर सरकते, सोडली तर जागची हलत नाही. सासूबाई लेकीकडे बघून म्हणाल्या, "चादर काढ गं त्या सांगाड्यावरची. स्वारी परत आली."

पण परत येणं इतकं सोपं नव्हतं. चौकटीपुढं तो करवत घेऊन उभा राहिला आणि करवत चालेना. बाई बोलावणं न येताच वर आल्या होत्या, त्या खाटेवरून म्हणाल्या, "काय झालं?"

"बाई, पक्का आहे हो जोड. जगात एवढं एकच काम मला नीट येतं. तेच कापायचं?"

बाई खाटेवरून उठून चौकटीपाशी आल्या. मग म्हणाल्या, "मी जन्मभर पोरांना गायला शिकवलं. आवळलेल्या गळ्यातून किंकाळी निघते रे. गळा जरा सैल सोडावा लागतो, पण सांडूनही द्यायचा नाही. तेवढंच कठीण असतं. तुझ्या पाइपाचंही तेच दिसतंय."

बायकोनं पाइपाचं एक टोक धरलं. "चला," ती म्हणाली. "माझा हात अवघडतोय."

त्यानं कापला. कापलेलं तोंड उजेडात धरून बायकोला दाखवलं. "बघ, पाइप कुठं संपला आणि एल्बो कुठं सुरू झाला, ओळखून दाखव."

"छान आहे. पुढचा काप."

बारीक पाइपावर जाड पाइपाची बाही आणि मध्ये रबरी रिंग, असा बेत ठरला. पहिली रिंग इतकी घट्ट, की सरकवायला दोघांनी दोन्हीकडून ओढलं आणि दोघंही दोन बाजूंना बसली. पुढची इतकी सैल, की चप्पल मारल्याबरोबर बाही सुटून सासूबाईंच्या मांडीवर. "आलं बाळ," त्या म्हणाल्या. रिंगा घासून, बदलून, साबण लावून तो दररोज कामावरून आल्यावर एकेक जोड करत राहिला. सैल जोडातही बेताचा सैल आणि वाह्यात सैल असतो, हे हळूहळू त्याच्या हाताला कळायला लागलं, आणि मग त्याची जुनी ऐट परत आली. "हा बघ, ओढ. ओढ ना! सरकला? आता सोड. हलतो का?"

सगळे पाइप उभे राहिले, त्या दिवशी बाई डोळे मिटून बसल्या. बायको चप्पल मारायची, वॉशर बाही सरकवायचा. "वर. थोडं खाली. अगदी केसभर. थांब!" एकेक पाइप थांबत गेला. शेवटचा, सगळ्यात जाडा मामा, आपल्या जागी येऊन बसला आणि खाटेखालचं तांब्याभांडं त्याच्याबरोबर बारीक झणझणलं.

बाईंनी डोळे उघडले. "बरोबर," त्या म्हणाल्या.

वॉशर वळून उगाचच हत्यारं पिशवीत भरू लागला. भरलेली काढून पुन्हा भरली.

"एवढा सुरांसाठी जीव टाकतोस, मग गात का नाहीस?" बाईंनी विचारलं.

"गळ्यात सूर नाही, बाई. शाळेतच सांगितलं होतं."

"कुणी?"

त्यानं मामा पाइपाकडे बघितलं. "होत्या एक बाई."

"गाढव असेल," बाई म्हणाल्या. "पोराला असं सांगतात का कधी?"

बायकोला असा ठसका लागला, की तिला गॅलरीत जावं लागलं. सासूबाईंनाही गोष्ट ठाऊक होती. त्यांनी पदर तोंडात कोंबला. वॉशर मात्र गंभीरपणे म्हणाला, "नाही हो. चांगल्या होत्या. नवीन होत्या बिचाऱ्या."

पुढच्या संमेलनात तीच साधी चाल वाजली. या वेळी कुणी हसलं नाही. दुसऱ्या ओळीपासून सगळी इमारत गायला लागली आणि तिसऱ्यांदा वाजवा म्हणून ओरडा झाला. ऐकायला आलेल्या कुणा पाहुण्यानं बागेच्या मुकादमाला सांगितलं, त्यानं वरच्या साहेबाला, आणि अखेर वॉशरचे पाइप शहरातल्या मोठ्या बागेच्या भिंतीशी कायमचे उभे राहिले. समोर दोरीला बांधलेल्या रबरी चपला, कुणीही यावं आणि वाजवावं. आता त्या बागेत शाळा सुटल्यावर नंबर लागतात, म्हातारे सकाळी फिरायला येऊन दोन सूर हाणून जातात, आणि एक प्रेमी जोडपं रोज तेच एक गाणं चुकीचं वाजवतं. ऊन चढलं की पाइपातले सूर चढतात, थंडी पडली की उतरतात. पक्के जोड असते तर सगळा खेळ पहिल्याच उन्हाळ्यात बेसूर झाला असता. ऋतू पालटला की वॉशर जातो आणि बाह्या सरकवून पाइपांना वळणावर आणतो. दुसरे प्लंबरही बघायला येतात. "सैल जोड शिकायचाय," म्हणतात. तो शिकवतो, पण आधी पक्का जोड येतो का ते तपासून.

परवाच्या उन्हाळ्यात तो गेला तेव्हा बरोबर सगळं कुटुंब होतं. सासूबाई बाकावर, काठी आपल्या मापाची. बाई शेजारी. बायको चप्पल घेऊन तयार. तिनं मामावर हाणली, आणि वॉशर सवयीनं बाईंकडे बघू लागला.

बाईंनी मान हलवली. "मला आता खालचे सूर नीट लागत नाहीत रे, कानाला. तूच सांग."

"मी?"

"मग कोण? इतकी वर्षं माझ्याशेजारी उभा राहून काय नळ दुरुस्त करत होतास?"

बायकोनं पुन्हा हाणली. वॉशरनं डोळे मिटले. मामाचा सूर किती असायला हवा ते त्याच्या आत कुठंतरी नक्की ठाऊक होतं; तो शोधत राहिला, आणि शोधता शोधता त्याचे ओठ हलायला लागले. आवाज नाही, नुसते ओठ.

बाई त्याच्याकडे बघत होत्या. उठल्या, हळूहळू चालत आल्या, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. चाळीसहून अधिक वर्षं कुठंतरी जपून ठेवलेल्या मायेनं म्हणाल्या, "बाळ, नुसते ओठ काय हलवतोस? आवाज काढ."

त्यानं डोळे उघडले. बाईंना आठवलं होतं की सहज बोलल्या, ते चष्म्याआड काही दिसेना. बायको चप्पल उगारून तशीच उभी. मग वॉशरनं घसा खाकरला, मान जरा सैल सोडली, आणि आ केला. आधी आवाज थरथरला, घरंगळला, आणि मग एका जागी जाऊन बसला. बायकोनं चप्पल हाणली. तो गात राहिला, एका हातानं बाही सरकवत राहिला, आणि पाइप हळूहळू खाली येत येत येऊन त्याच्या आवाजाला भिडला. दोन्ही एक झाले. कुठं माणूस संपला आणि कुठं पाइप सुरू झाला, ओळखू येईना.

"बरोबर," तो स्वतःच म्हणाला.

"बरोबर आहे, बरोबर आहे," बाकावरून सासूबाई म्हणाल्या. "पण जरा हळू मारा गं. माझी चप्पल आहे ती."